वकील, विधिमंडळाचे सभासद आणि चौथी इयत्ता
(नागरिकशास्त्र व इतिहास : वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी पाठ)

पाठाचा हेतू. कायदा कोठे होतो, कोण करतो आणि तो कोणासाठी लागतो, हे मुलांना पुस्तकी व्याख्येने कळत नाही. एका माणसाच्या कार्यावरून मात्र चांगले कळते. अमेरिकेत अब्राहम लिंकन हा घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांत जाणारा वकील होता आणि १८३४ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून आला होता, हे शिक्षकांस ठाऊक असेलच. खानदेशातील मुलांना तोच विषय समजावून देण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या वकिलीच्या व मुंबई विधिमंडळातील कार्याच्या खुणा या प्रदेशातही आहेत.

पाठ्यविषय. डॉ. आंबेडकर १९२२ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाले व १९२३ पासून मुंबईस वकिली करू लागले. १९२७ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सभागृहापुढे एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. शिक्षणावर सरकार दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून या करापोटी जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, अशी त्यांची मागणी होती.

१९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतनाच्या नावाखाली गावाची व सरकारची कामे वेळीअवेळी करावी लागत आणि त्यांत सारे कुटुंब राबे. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. एखादी न्याय्य सूचना पहिल्याच वेळी मान्य होत नाही, म्हणून ती व्यर्थ ठरत नाही, हे मुलांना येथे सांगावे.

१९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात आले. धुळे मार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून परतताना ते चाळीसगावास उतरले. चाळीसगाव त्या वेळी सावद्याप्रमाणेच पूर्व खानदेश जिल्ह्यात होते. स्टेशनावर टांगे पुष्कळ होते; परंतु अस्पृश्य उतारूस घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी यावे, हे वस्तीतील लोकांना रुचेना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. ज्याला सवय नव्हती अशा वस्तीतील एका माणसाने तो हाकला. वाटेत नदीवरील कठडा नसलेल्या फरशीवर अपघात झाला, डॉ. आंबेडकर दगडांवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टरची पदवी आणि कौन्सिलचे सभासदत्व ही दोन्ही त्या दिवशी टांगेवाल्याच्या लेखी निरुपयोगी ठरली.

याच खानदेशात ते वकील म्हणून पुन्हा आले. ३१ जुलै १९३७ रोजी कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्यास आले असता लळिंग किल्ल्याजवळील लांडोर बंगल्यात त्यांनी मुक्काम केला. त्याच वर्षी ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले होते.

घटना तयार होत असता, नोव्हेंबर १९४८ मध्ये, मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमात ‘शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे शब्द घालावेत, अशी एक दुरुस्ती सुचविण्यात आली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात राबविण्यास घटनेने बंदी केली आहे. तेव्हा त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ च्या घटनादुरुस्तीने व २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना हा हक्क प्राप्त झाला.

मुलांसाठी प्रश्न.
१. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकला नाही. असे का?
२. कायदा झाला म्हणजे मनातील समजूत आपोआप बदलते काय? गावातील उदाहरण द्या.
३. शंभरांतील ८२ मुले शाळा सोडीत, याची कारणे कोणती असतील?

शिक्षकांसाठी. तिसरा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःस विचारावा. सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीच्या बागांतील मजुरीसाठी कुटुंबे येतात व जातात. त्यांच्याबरोबर मुलांची नावे हजेरीपटावरून नाहीशी होण्याचा संभव असतो. पट तपासताना दाखल संख्या पाहून समाधान मानू नये. पहिलीत आलेली किती मुले चौथीत बसली आहेत, हे नावानिशी मोजावे. जे नाव गळले असेल त्याच्या घरी जावे. १९२७ साली कौन्सिलात मांडलेला तो हिशेब प्रत्येक शाळेने दरवर्षी आपल्यापुरता मांडावयाचा आहे.