थकलेला प्राप्तिकर व विश्वासू सल्लागार

प्राप्तिकराच्या थकबाकीची नोटीस घरी आली की आपल्या मंडळींत ती बहुधा कपाटात जाऊन बसते. लाज वाटते, आणि कोणास विचारावे हेही सुचत नाही. मग "साहेबांशी आपली ओळख आहे" असे म्हणणारा कोणी भेटतो व कर तसाच राहून पैसा मात्र त्याच्या हाती जातो. म्हणून या विषयाचा क्रमवार विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम नोटीस खरी आहे काय, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर दस्तऐवज क्रमांक घालण्याचा नियम आहे. तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फोनवर अटकेची धमकी देऊन तत्काळ पैसे मागणारा खात्याचा माणूस नव्हे.

दुसरे, मागणी बरोबर आहे काय? पगारातून कापलेला कर नोंदीत न चढल्याने किंवा चलनात वर्ष चुकल्यानेही मागणी निघते. तेथे दुरुस्तीचा अर्ज करावा.

तिसरे, मुदत. १९६१ च्या कायद्याखालील मागणी सामान्यतः ३० दिवसांत भरावयाची असते. त्यापुढे दरमहा १ टक्का व्याज, म्हणजे ५०,००० रुपयांवर महिना ५०० रुपये. मुदतीपूर्वी अर्ज केल्यास अधिकारी हप्ते बांधून देऊ शकतो. अपिलासही ३० दिवसच असतात. मात्र अपिलाने वसुली आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

आता सल्लागार. चार्टर्ड अकाउंटंट असल्यास त्याचे नाव १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या यादीत पाहावे. वकील असल्यास सनद पाहावी. चांगला सल्लागार आधी कागद मागतो, मोबदला आधी सांगतो व पावती देतो. "सगळा कर माफ करून देतो" असे वचन तो देत नाही. माफी-तडजोडीच्या योजना सरकारच काढते व त्यांना मुदत असते. २०२४ च्या 'विवाद से विश्वास' योजनेची मुदत ३० एप्रिल २०२५ रोजी संपली.

कराचा पैसा सल्लागाराच्या खात्यात कधीही भरू नये. आपल्या पॅन क्रमांकाच्या चलनानेच भरावा. खात्याच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आपलाच असावा, नाही तर पुढील नोटिसा आपणांस कळणारच नाहीत.

थकबाकी हा कलंक नव्हे, तो हिशेब आहे. नोटीस आली त्याच दिवशी ती घरच्या जाणत्या माणसास दाखवावी, एवढीच आमची सभासदांस विनंती.