अर्धवट जोडणीची उरलेली फाईल

संगणकाचा प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे तो लगेच चालूं लागतो असें नव्हे. मूळ मजकुराच्या प्रत्येक फाईलीचें आधीं यंत्रभाषेंत रूपांतर होतें. मग ते निरनिराळे तुकडे सांधून चालणारी एक फाईल तयार करितात. ह्या सांधणाऱ्या साधनास लिंकर म्हणतात. एखादा तुकडा न सांपडल्यास जोडणी फसते. अशा वेळीं अर्धवट फाईलीचें काय करावें? युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींतील लिंकर ती ठेवून देई, मात्र तिला चालण्याची परवानगी देत नसे. हल्लींचा ग्नू लिंकर, मुद्दाम सांगितल्यावांचून, ती ठेवीतच नाहीं. मला ही दुसरी रीत बरी वाटते.

परंतु आवरासावर करण्यास लिंकरला अवधिच न मिळाला तर? गेल्या वर्षीं आमच्या संगणक-वर्गांत जोडणी चालू असतां वीज गेली. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं ‘मेक’ ह्या साधनास आज्ञा केली, तेव्हां सर्व कांहीं अद्ययावत् असल्याचें उत्तर आलें. प्रोग्रॅम मात्र चालेचना. मुलें दोन तास आपलाच मजकूर वाचीत बसलीं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलें. मीही ‘पुन्हा वाचा’ एवढेंच सांगत राहिलों, हें पालकांपुढें कबूल केलें पाहिजे. अखेर एकानें एका टिपणींतील शुद्धलेखनाची चूक सुधारली, पुन्हा आज्ञा दिली, आणि प्रोग्रॅम चालूं लागला!

ह्यांत चमत्कार कांहींच नव्हता. मेक हें साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत रचिलें. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनीं चूक दुरुस्त केली होती, पण त्या फाईलीचें पुन्हा रूपांतर करावयाचें राहिलें. निर्दोष मजकुरांत दोष शोधण्यांत त्यांची सकाळ वायां गेली. त्यांतून मेक जन्मास आलें. तें केवळ वेळा ताडून पाहतें: तयार फाईल मूळ फाईलीहून नवी असली कीं काम झालें! आंत काय आहे हें तें पाहत नाहीं. गठ्ठ्यावरील तारीख वाचून, दोरी न सोडतांच ‘पूर्ण’ असा शेरा मारणाऱ्या कारकुनासारखेंच हें. आमची अर्धवट फाईल सर्वांत नवी होती. टिपणी सुधारतांच मूळ फाईल तिच्याहून नवी ठरली, व जोडणी पुन्हा झाली.

ग्नू मेक वापरणारांनीं मेकफाईलींत ‘.डिलीट_ऑन_एरर’ हें नांव घालावें. मग आज्ञा फसल्यास, तिनें बदललेली फाईल मेक स्वतः पुसतें. वीज गेल्यावर मात्र मेकही उरत नाहीं. त्यासाठीं जोडणी तात्पुरत्या नांवाच्या फाईलींत करावी, ती पुरी झाल्यावर मजकूर डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि मगच त्याच फोल्डरांत तिला खरें नांव द्यावें. म्हणजे अपुऱ्या फाईलीला तें नांव लाभतच नाहीं. सर्व पुसून आरंभापासून जोडणें सोपें खरें, पण मोठ्या कामांत त्यापायीं तास जातात.

आमच्या मेकफाईलींत ह्या दोन्ही सोयी आतां आहेत. त्या दिवशीं रडलेल्या मुलीनेंच त्या लिहिल्या.