हे कशावरून?

सांगली, 8 मार्च 2026

चि. सागर यास,


परवा फोनवर म्हणालास, "मामा, माझं सव्वा लाख तरी निघतंय." कसं, म्हणून विचारलं तर चार महिन्यांच्या थकलेल्या पगाराचे 62,400 आणि 'एवढा त्रास दिला म्हणून' तेवढेच आणखी. बाळा, हा हिशोब नाही, राग आहे. राग खरा आहे, पण कामगार आयुक्तांच्या टेबलावर त्याची बेरीज होत नाही.

मला ठेच लागली म्हणून सांगतोय. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी सव्वीस वर्षं गेली. कुणाची पाळी चुकली, कुणाची किती रजा शिल्लक, सगळं मस्टरवर माझ्याच अक्षरात. पुढं पगार थकत गेले, एक दिवस गेटला सील लागलं आणि मस्टर आतच राहिलं. येणं लिहून द्यायची वेळ आली तेव्हा शेकडो जणांच्या हजेऱ्या मांडणाऱ्या माझ्याकडं माझ्या हजेरीचा एक कागद नव्हता. मी अंदाजानं 'तीन लाख' लिहिलं. बॉयलरवरचा एक गडी मात्र पगाराची चिठ्ठी दर महिन्याला बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. त्याच्या अर्जात बिगरहंगामातला रिटेन्शन भत्तासुद्धा महिनावार होता. मीही हंगामीच, पण तो भत्ता लिहायचाच विसरलो होतो. त्याचा अर्ज मुकाट्यानं पुढं सरकला. मला ओळीओळीला ऐकावं लागलं, "हे कशावरून?"

तुझ्या पासबुकाचे आणि डायरीचे फोटो घेऊन काल रात्री बसलो. आधी दर काढायचा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600. त्याला 26 नं भागलं की दिवसाचे 600, आणि आठनं भागलं की तासाचे 75. एवढं पक्कं झालं की पुढं नुसता गुणाकार.

थकलेला पगार चार महिन्यांचा नाही. नोव्हेंबरचा उशिरा का होईना, 19 डिसेंबरला जमा झालाय, पासबुकात ओळ आहे. राहिले डिसेंबर, जानेवारी आणि काम सुटेपर्यंतचे फेब्रुवारीचे 11 दिवस. 15,600 अधिक 15,600 अधिक 6,600, म्हणजे 37,800. यातून जानेवारीत घेतलेली 5,000 ची उचल वजा कर. फोनवर तिचं नावही काढलं नाहीस. तुझा ठेकेदार सुनावणीच्या पहिल्याच तारखेला उचलीची चिठ्ठी काढून दाखवेल, आणि मग तुझ्या खऱ्या आकड्यांकडंही लोक संशयानं बघतील. उरले 32,800.

आता तू सोडून दिलेलं. डायरीत 31 दिवसांपुढं '12 तास' लिहिलंय. आठ तासांवरचे रोज चार, म्हणजे 124 तास. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, तासाला 150. झाले 18,600. रजेचंही तसंच. वीस दिवस काम केलं की एक भरपगारी रजा मिळते. तुझे 240 दिवस भरले, तू एकही रजा घेतली नाहीस, म्हणून 12 दिवसांचे 7,200.

सगळं मिळून 58,600. सव्वा लाखाच्या निम्म्याहून कमी, पण यातल्या प्रत्येक रुपयाला "हे कशावरून?"चं उत्तर आहे. बोनसचा हिशोब वेगळ्या आधारावर होतो, तो वेगळ्या पानावर मांडू. पीएफ कापला पण भरला नसेल, तर ती तक्रार पीएफ कार्यालयात, वेगळी.

त्रासाची भरपाई मागूच नको असं नाही. वेतन संहितेखाली अधिकाऱ्याला दहा पटीपर्यंत भरपाई देता येते. पण ती ठरवणं त्याचं काम. तू मुद्दल मांड आणि भरपाईची विनंती खाली स्वतंत्र ओळीत कर. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्याप्रमाणं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हातात पडायला हवा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. शिवाय पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. तेवढ्यानं गाफील राहू नको. त्यानं खोटं मस्टर पुढं केलं तर त्याला उत्तर तुझ्या डायरीनंच द्यायचं आहे. अर्जात ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाल. आणि पैसे खात्यावर आल्याशिवाय 'फुल अँड फायनल'च्या कागदावर सही करू नको.

आपल्या पाटण तालुक्यातले मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या हमालांसाठी लढले. त्या लढ्यातून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्यातली खरी मेख काय, ठाऊक आहे? मालकानं मजुरी मंडळाकडं भरायची आणि मंडळानं ती हमालाला द्यायची. पाठीवरचं पोतं खाली उतरलं की विसरतं, कागदावर चढलेलं राहतं.

तुझ्यामागं असं मंडळ नाही. तुझ्याकडं ती डायरी आहे. तिच्या प्रती काढ, मूळ कुणाच्या हातात देऊ नको. डायरीत 14 जानेवारीचं पान चहा सांडून पुसट झालंय. त्या पाळीला बरोबर कोण होतं ते आजच आठवून दुसऱ्या कागदावर लिही. डायरीत मात्र आता काही गिरवू नको.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला येतो, अर्ज बसून लिहू. मामीनं बिस्किटांचा डबा बांधून ठेवलाय. बिस्किटं पोरांना दे, डबा तू ठेव.

तुझा,
मामा