माहेरच्या पिशवीत आधी गोळ्या

पोरी, या भागात तू नर्स म्हणून नवीन आहेस, म्हणून सांगते. गरोदर बाईच्या घरी गेलीस की खोकल्याचं विचार. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, न वाढणारं वजन, यातलं एक जरी दिसलं तरी बेडका तपासायला पाठव. ‘दिवस गेलेत, थकवा यायचाच’ म्हणून घरचे सोडून देतात, तू सोडू नकोस. एक्स-रे लागला तर पोट झाकून काढतात.

टीबीचं निदान झालं की सासूबाई विचारतील, गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतील का? ठाम सांग, नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथाम्ब्युटॉल, पायराझिनामाइड ही नेहमीची चारही औषधं गरोदरपणात देतात. घात करतो तो उपचाराविना राहिलेला टीबी. त्यानं बाळ दिवसांआधी येतं, वजनाला कमी भरतं. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन मात्र टाळायचं, त्यानं बाळाच्या कानांना इजा होऊ शकते. बी-६ ची गोळी रोज हवीच. लघवी नारिंगी होते, तो औषधाचा रंग. पण डोळे पिवळे दिसले, नजर धूसर झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना. उलट्या गरोदरपणाच्याच असतील असं धरून बसू नये.

आता खरी अडचण ऐक. सातव्या महिन्यात ओटी भरून पोर माहेरी जाते आणि गोळ्या सासरच्या फडताळात राहतात. कधी विसरून, पण जास्त करून लाजेनं, माहेरच्या गल्लीत कळायला नको म्हणून. उपचार किमान सहा महिन्यांचा, मधेच तुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून ती निघायच्या आधी टीबी रुग्णांच्या निक्षय पोर्टलवरची तिची नोंद माहेरच्या आरोग्य केंद्राकडे वळवून घे. तिला विचारूनच तिथल्या आशाताईला फोन कर. सोबत काही दिवसांच्या गोळ्या दे. पोषणाचे महिन्याचे १००० रुपये तिच्या खात्यात येतात ना, तेही बघ. आणि तिच्या आईशी बोल, ती कळल्यावर मुलीला जपते, असंच मी पाहत आलेय.

बाळ झालं की कुणीतरी म्हणेल, वरचं दूध पाजा. ऐकू नकोस. जंतू खोकल्यातून उडतात, दुधातून जात नाहीत. आईनं तोंडाला मास्क बांधावा, खिडकी उघडी ठेवावी आणि छातीशी घेऊन पाजावं. स्तनालाच टीबीची गाठ असेल किंवा औषधांना न जुमानणारा टीबी असेल, तर मोठ्या रुग्णालयाचं ऐकायचं. दुधातून औषध उतरतं ते इतकं थोडं की त्यानं बाळाला अपायही नाही आणि संरक्षणही नाही. म्हणून बाळाची तपासणी वेगळी. आजार नाही असं दिसलं तर डॉक्टर वजनाप्रमाणे आयसोनियाझिड सहा महिने देतात. वजन वाढलं की मात्रा बदलते, तेव्हा दर भेटीला काट्यावर घाल. बीसीजी कधी द्यायची ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घे, नाहीतर या गडबडीत राहून जाते. बाळ दूध ओढेना, पोट फुगलं, श्वास जलद झाला तर थांबू नकोस.

बारशाआधी घरातल्या सगळ्यांचा खोकला तपास. आजोबांपासूनच सुरुवात कर, सुनेला लागण घरातूनही झालेली असू शकते.

आणि एक, बायका हे विचारत नाहीत. रिफाम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्या नीट काम करत नाहीत. बाळंतपणानंतर रुग्णालयातूनच कॉपर-टी बसवून मिळते, ते तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही सांग.