आम्हांला कसं शिकायला आवडतं?



शाळेत येणारे पालक कधी कधी विचारतात, "ही पोरं काड्या अन् दोऱ्या घेऊन काय खेळत बसलीत? अभ्यास कधी करणार?" म्हणून हा लेख लिहीत आहे.

नुसतं फळ्यावरून उतरवून घेतलं तर वही भरते, पण डोक्यात राहतंच असं नाही. हाताने केलेलं मात्र ध्यानात राहतं. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत असं समजा. तुरकाट्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या बांधा आणि दोन काड्या सुट्या ठेवा. दोनातून सात जात नाहीत. मग एक जुडी सोडा. सुट्या काड्या झाल्या बारा. बारातून सात गेल्या, उरल्या पाच. तीन जुड्यांतून एक गेली, उरल्या दोन. उत्तर २५. दशक का सोडायचा ते डोळ्यांनी दिसतं!

दुसरं उदाहरण वर्तुळाचं. डब्याच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळून परीघ घ्या. तो दोरा झाकणाच्या मधोमध आडवा धरून मोजा. तीन वेळा बसून थोडासा उरतो. झाकण लहान घ्या, नाहीतर बैलगाडीचं चाक घ्या, तेच होतं. म्हणून तर गुरुजी २२/७ घ्यायला सांगतात.

पाढे मात्र एका सुरात म्हणायलाच मजा येते. पाठांतर वाईट नाही, पण आधी समजावं नि मग पाठ करावं. शिकलेलं पुस्तक मिटून शेजाऱ्याला सांगून पाहावं. जिथे अडतं, तेवढंच कच्चं आहे असं समजावं.

ही रीत काही आजची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. पानं, बिया, शिंपले हीच तिथली साधनं. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच कुरणात गेली!

आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा बरेच धडे पुढे गेलेले असतात. मग मधल्या सुट्टीत आम्ही जुड्या घेऊन त्यांच्याजवळ बसतो. मित्राने सांगितलं की लाज वाटत नाही, पुन्हा पुन्हा विचारता येतं. नाहीतर मागे पडलेलं मूल हळूच शाळा सोडतं.

म्हणून पालकहो, एवढंच मागणं. घरी गेल्यावर "किती पानं लिहिलीस?" असं विचारू नका. "आज काय शिकलास, मला करून दाखव," असं म्हणा. आणि जमेल तर पोराला गावात आजीजवळ ठेवा, शाळा बुडवू नका.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी