रात्रपाळी भांड्याला दे

नाशिक,
मार्गशीर्ष

चि. बाळ्यास,


स्लो कुकर घ्यावा का, असं तू विचारलं आहेस. पण त्या प्रश्नाच्या आधी तू सहज जे लिहून गेलास, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटलं. कंपनीची बस संध्याकाळी बोईसर स्टेशनाजवळ सोडते, पोटात कावळे ओरडत असतात, आणि खोलीवर जाऊन कांदा चिरायचा म्हटलं की पाय आपोआप चायनीजच्या गाडीकडे वळतात. मग महिनाअखेरीस खिशात काही उरत नाही आणि पोटालाही काही धड मिळालेलं नसतं. यात तुझा आळस नाही. भुकेल्या माणसाने जेवणाचा निर्णय घेतला की तो असाच होतो. तो निर्णय पोट भरलेलं असताना, आदल्या रात्री घेऊन ठेवायचा. यंत्र घ्यायचं की नाही ते त्यानंतर बघू.

यंत्र वाईट नाही, हे आधीच सांगते. आतलं चिनी मातीचं जड भांडं, त्याभोवती मंद तापणारी तार, बस. दोनशे वॅटचा धरलास तर सात तासांना १.४ युनिट वीज, म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन या गृहस्थाने त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं. त्याची आई मूळची लिथुएनियाची. तिकडच्या ज्यू घरांत शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य आणि मांसाचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. दिवसाचं काम संपलेल्या, हळूहळू निवत चाललेल्या भट्टीत ते रात्रभर शिजे. आईच्या तोंडून ऐकलेली ती भट्टी मुलाने विजेवर आणली. आता मूळ गोष्ट नीट बघ. त्या भट्टीत रात्री कोणी सरपण घालत नव्हतं. एकदा भरपूर तापवलेली उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, एवढंच. ते काम तुझ्या खोलीतली गोधडीही करते.

पालघरच्या शाळेत मी गृहविज्ञान शिकवत होते, तेव्हा मुलींना गवताची पेटी करून दाखवायचे. लाकडी खोक्यात पेंढा दाबून भरायचा, मध्ये भांड्याएवढा खळगा, वर पेंढ्याचीच उशी. महायुद्धांच्या काळात इंग्लंडमधल्या बायकांनी इंधन वाचवायला हेच केलं. आपल्याकडे पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी ‘सराई’ कुकर काढला. शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचं वरण-भात-भाजी त्यात होतं, कारण वाफ बाहेरच्या डब्यात कोंडून राहते. मुलींना पेटीचं नवल वाटायचं, आणि त्यांच्या आया म्हणायच्या, “बाई, आम्ही भात असाच तर ठेवतो!” आयांचं बरोबर होतं.

तुला विजेचा कुकर नको म्हणते त्याचं खरं कारण बोईसरची वीज. समज, सकाळी सात वाजता तो लावून तू कामावर गेलास. दुपारी तीन तास वीज गेली, मग आली. संध्याकाळी तुला भांडं गरमच दिसणार. मधल्या वेळात ते कोमट झालं होतं का, हे तुला कोण सांगणार? शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे नाहीतर ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतूंची जत्रा भरते, आणि काही जंतू असं विष मागे ठेवतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही. शिवाय तुमच्या खोलीत एकाच एक्स्टेंशन बोर्डवर फ्रीज, इस्त्री आणि तीन मोबाइल लटकलेले मी पाहिले आहेत. त्यावर आणखी एक उपकरण दिवसभर चालू, आणि घरात कोणी नाही. नको. गॅस बारीक करून कामावर जाणं तर डोक्यातही आणू नकोस.

गोधडीलाही मर्यादा आहे. भरलेलं भांडं नीट गुंडाळलं तर सहा-सात तास चांगलं गरम राहतं. तू घराबाहेर असतोस दहा तास, म्हणजे दिवसाचा हिशेब तिथेही जमत नाही. म्हणून रात्री शिजव. दहाला गुंडाळ, पाचला उघड. तू घरात आहेस, भांडं डोळ्यांसमोर आहे, सकाळी उकळी काढून अर्धं डब्यात, अर्धं फ्रीजमध्ये. संध्याकाळी बसमधून उतरलास की दहा मिनिटांत ताट. रात्रपाळी तू कर किंवा नको करूस, भांड्याला मात्र ती लावून दे.

तू म्हणशील, आत्या, कुकरला चार शिट्ट्या दिल्या की काम झालं, हा उपद्व्याप कशाला? नुसती डाळ असेल तर तुझंच खरं. पण एकाच भांड्यात कडधान्य, सुरण, वांगं आणि शेंगा घातल्यास की चार शिट्ट्यांत वाल शिजेपर्यंत वांग्याचा पत्ता लागत नाही. गुंडाळलेल्या भांड्यात उकळी नसते, ढवळाढवळ नसते. फोडी आपापल्या जागी मऊ होतात आणि रसही दाट होतो. गॅसचंही बघ. मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला दीडशे ग्रॅमच्या पुढेमागे गॅस खाते, आणि तुमच्याकडे आहे पाच किलोचा छोटा सिलिंडर. इथे गॅस लागतो रात्री वीस-पंचवीस मिनिटं आणि सकाळी दहा.

आता भांड्यात काय घालायचं. जळगावचा पोर तू, तुला भरताची वांगी नि शेवभाजी सोडून जग माहीत नाही. तू ज्या मुलखात राहतोस तिथे हिवाळ्यात भाज्यांची चैन असते आणि ती स्वस्त असते. वसईपासून डहाणूपर्यंत या दिवसांत घरोघरी उकडहंडी होते. वालपापडी, सुरण, रताळी, आतून जांभळं निघणारं कोनफळ, कच्ची केळी, छोटी वांगी, शेवग्याच्या शेंगा, सगळं मोठ्या फोडींत. वर ओल्या खोबऱ्याचं, हिरव्या लसणाचं, आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि थोडा ओवा. पाणी नाहीच, घातलंच तर नावाला, कारण भाज्यांच्या अंगचं पाणी पुरतं. महामार्गाने वलसाडच्या बाजूला गेलास तर याचीच गुजराती बहीण उंबाडियू मडक्यात भाजलेली मिळेल, आणि खाली रायगडात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांची पोपटी. पालघरला माझ्या शेजारणीने पहिल्यांदा उकडहंडी पाठवली, तेव्हा मला ती बेचव वाटली होती. आपल्या खानदेशी जिभेला तिखट-तेल लागतं ना! दुसऱ्या हिवाळ्यात मी स्वतःहून पातेलं घेऊन तिच्या दारात उभी.

पण रोजच्या रात्रीला नुसती उकडहंडी पुरत नाही. कंपनीत दिवसभर उभा राहणारा माणूस तू, तुझ्या जेवणात कडधान्य हवं. म्हणून तुझ्यासाठी तिचं दाट रसाचं रूप सांगते. तू आणि तुझा रूममेट, दोघांच्या दोन जेवणांना तीन लिटरचा कुकर बरोबर.

एक मोठी वाटी अख्खा मसूर किंवा चवळी सकाळी कामाला निघताना चिमूटभर मीठ घालून भिजत टाक. मिठाने साल लवकर मऊ होते. रात्री ते पाणी फेकून दे. कुकरमध्ये दोन चमचे तेलाची फोडणी कर, त्यात मोहरी, ओवा, ठेचलेला भरपूर लसूण नि एक मोठा कांदा. कांदा लाल होऊ दे, इथे घाई केलीस तर सकाळी चव मिळमिळीत लागेल. हळद, तिखट, आपला खानदेशी काळा मसाला घरून पाठवलाय तो एक चमचा. मग कडधान्य, साधारण अर्धा-पाऊण किलो मिळेल त्या भाज्यांच्या मोठ्या फोडी, मीठ आणि चार वाट्या आधणाचं पाणी. कुकर दोन तृतीयांश भरला पाहिजे. त्याहून जास्त भरलास तर वाफेची वाट बुजेल, आणि कमी भरलास तर निवायला वेळ लागणार नाही. वर ताट झाकून दहा मिनिटं खळखळून उकळू दे, फेस काढून टाक, मग झाकण लाव, एक शिट्टी घे आणि गॅस बंद कर.

गुंडाळताना कुकर लादीवर ठेवू नकोस. फरशी उष्णता पिऊन टाकते. पाटावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत, त्यावर कुकर, भोवती दुहेरी गोधडी, वरून उशी. खोका मिळाला तर फारच छान, पण कंपनीतला आणू नकोस. त्यात आधी काय होतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. शेगडीपासून लांब ठेव. सकाळी आधी शिट्टी उचल, मगच झाकण, नाहीतर आत कोंडलेल्या पोकळीने ते हलणार नाही.

पहिल्या वेळी उघडल्याबरोबर तापमान मोज. स्वयंपाकाचा सळईसारखा थर्मामीटर मिळतो, तो घे. कंपनीच्या लॅबमधला घरी आणलास तर माझ्याशी गाठ आहे. ६० च्या वर असेल तर पुन्हा खळखळून उकळ आणि निर्धास्त खा. कोमट लागलं तर फेकून दे, वास चांगला येतोय म्हणून वाद घालत बसू नकोस. पुढच्या वेळी गोधडी आणखी एक.

आंबट शेवटी, हे मात्र पाठच कर. चिंच, कोकम, टोमॅटो यातलं काहीही रात्री घातलंस तर कडधान्य दडदडीत राहतं नि बटाटाही कचकचतो. आंबटाने भाजीचं कवच शिजत नाही. सकाळच्या उकळीत दोन-चार आमसुलं टाक. त्याच वेळी चमचाभर नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून ओतलंस तर रस सुरेख दाटतो. जव्हार-मोखाड्याकडची नाचणी पालघरच्या दुकानांत मिळते. सुरण घेतलास तर हाताला तेल लावून चिर, फोडी कोकमाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी टाकून दे. इथे आंबट आधी चालतं, कारण घशाला होणारी खाज त्यानेच मारायची असते. बोअरचं पाणी जड असेल तर पिण्याचं पाणी वापर. सोड्याची चिमूट टाकून कडधान्य मऊ करायची युक्ती मला आवडत नाही, जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी होते.

आणि राजमा या पद्धतीने कधीच नाही. तुझा रूममेट उत्तरेकडचा आहे, त्याला राजमाच हवा असणार. कच्च्या राजम्यात एक विष असतं, ते पूर्ण उकळीनेच मरतं. ८० अंशांच्या मंद उष्णतेत ठेवला तर उलट वाढतं, आणि चार-पाच दाण्यांनीही ओकाऱ्या सुरू होतात. परदेशात स्लो कुकरमध्ये राजमा टाकून कित्येकांनी हे भोगलं आहे. त्याचा राजमा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, प्रेशरवर पूर्ण शिजवायचा, मग हवं तर आपल्या भांड्यात मिसळायचा. कडवे वाल आवडत असतील तर ते मोड आणून, सोलून, पहिलं उकळीचं पाणी टाकून घे.

मांसाहाराच्या दिवशी मटणवाल्याकडून पाया घे. महाग तुकड्यांपेक्षा तो स्वस्त, आणि या पद्धतीला तोच शोभतो. चिवट भागातले धागे मंद उष्णतेत तासन्‌तास राहिले की विरघळून रस चिकट होतो. त्याला मात्र आधी पाऊण तास प्रेशर दे, नुसत्या गोधडीवर विसंबू नकोस. सातपाटीकडचं सुकट किंवा सुके बोंबील मिळाले तर भाजून, धुऊन सकाळच्या उकळीत घाल. मूठभरही पुरे. खोलीच्या मालकीणबाई शाकाहारी आहेत ना? मग खिडकी उघडी ठेव.

संध्याकाळचा अर्धा भाग गरम असताना फ्रीजमध्ये ढकलू नकोस, तसाच कामावर निघेपर्यंत ओट्यावरही ठेवू नकोस. पसरट ताटात ओतून ते ताट गार पाण्याच्या परातीत ठेव, आंघोळ करून येईस्तोवर निवतं. भाकरी करायला शिकेपर्यंत पाव चालेल. बोईसरला इराणी बेकऱ्या नसतील, पण पाव ताजा मिळतो.

पहिला प्रयोग सुट्टीच्या आदल्या रात्री कर, मसुराचा. काय झालं ते फोटो न पाठवता लिहून पाठव. फोटोत मीठ कळत नाही.

तुझी,
आत्या