छातीच्या डॉक्टरला चार कानगोष्टी

एमबीबीएसची साडेपाच वर्षं संपली, आता रेस्पिरेटरी मेडिसिनच्या एमडीची तीन. पुढे हवं तर डीएमची आणखी तीन. पुस्तकं तू वाचशीलच, बाळ. मी वॉर्डातलं सांगतो.

पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेव्हा मान वर करून बघ. एका दमात वाक्य पुरं होतंय का? ओठ आवळून श्वास सोडतोय का? बोटांची टोकं फुगलीत का? स्टेथोस्कोप त्यानंतर.

‘काय काम करता?’ एवढ्यावर थांबू नकोस, ‘आधी काय करत होता?’ हेही विचार. दगडखाण सोडून कैक वर्षं झाली तरी सिलिकोसिस डोकं वर काढतो. बिडीला हात न लावलेल्या बाईला चुलीबद्दल विचार. दादरच्या फ्लॅटमधला कोरडा खोकला हटत नसेल, तर गॅलरीतल्या कबुतरांची चौकशी कर.

‘फुप्फुसावर डाग आहे’ म्हणत कुणी आलं, की जुना एक्स-रे मागून घे आणि दोन्ही शेजारी लाव. जुन्या टीबीच्या वणावर पुन्हा औषधं सुरू झालेली माणसं तुला भेटतीलच.

‘पंप घेता येतो ना?’ असं विचारलंस तर सगळे ‘हो’ म्हणतात. म्हण, ‘करून दाखवा.’ पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचा, दहापर्यंत आकडे मोजत रोखायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ. जमत नसेल तर स्पेसर दे. डोस वाढवू नकोस.

छातीतलं पाणी काढताना सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घाल. खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. खोकला आला किंवा छाती आवळली की थांब. एका बैठकीत दीड लिटरच्या पुढे जाऊ नकोस.

सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन लावलास तर सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे. नातेवाईक १००चा आग्रह धरतील, त्यांना समजाव. जास्त ऑक्सिजनने त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

टीबीचा संशय असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन देऊन बघू नकोस. चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. तपासणीला थुंकी नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा. आणि पहिल्याच दिवशी सांग: ‘दोन महिन्यांत ठणठणीत वाटेल, तेव्हाच गोळ्या सोडाव्याशा वाटतील. तेव्हा सोडायच्या नाहीत.’

आता तुझ्यापुरतं. ओपीडीत खुर्ची अशी ठेव, की वारा तुझ्याकडून पेशंटकडे जाईल. टीबी वॉर्डात एन-९५ नाकावर घट्ट हवा, गळ्यात नव्हे. ड्युटी चुकेल म्हणून रेसिडेंट खोकला लपवतात. तुझा दोन आठवडे टिकला, तर आधी स्वतःचा बेडका तपासायला दे, मग राउंडला जा.